जवाईबापूंचा ढेकर

माणसाच्या अंगात एक खोट असली आणि सहकारी चांगले असले, की किस्से आपोआप साठतात. मला जन्मापासून ढेकरच येत नव्हता! फुलचूरच्या आमच्या शाळेत हे कळलं आणि स्टाफरूमची कायमची सोय झाली. आता मीच सांगतो, म्हणजे मीठमसाला तरी माझ्या हातचा.

*

अडलेली हवा गळ्यात डराँव डराँव करायची. जेवणानंतरचा तास, वर्ग शांत, आणि सुरू! पोरं बाकांखाली बेडूक शोधू लागली. शेवटी एक पोरगी म्हणाली, "सर, तुमी भाईर गेले का बेडूक गप बसते!"

*

गणिताचे बिसेन सर आमचे बिनपदवीचे वैद्य. ओवा झाला, हिंग झाला. मग सोडा कसा प्यायचा ते दाखवायला स्वतःच दोन बाटल्या प्याले आणि तासभर ढेकर देत बसले. वर मलाच विचारतात, "आता हलकं वाटून रायलं का?"

*

खरी पंचाईत केशोरीला, सासुरवाडीत. तिथे पाहुण्यानं ढेकर दिला की वाढणं थांबतं. मी देईना, मामाजी, म्हणजे माझे सासरे, थांबेनात! भातावर भात, आणि मी फुगून ढोल. आठ वर्षं हेच चाललं. एकदा त्यांना माझ्या बायकोला विचारताना ऐकलं, "जवाईबापूचं पोट आपल्याच घरी काऊन नाई भरत, पोरी?" फार वाईट वाटलं मला. आजार समजावला, तर म्हणाले, "ढेकराचा का आजार रायते?"

*

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी गळ्याच्या आखडलेल्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं. "हफ्ताभरात सुटेल," म्हणाल्या. शाळेत बिसेन सर मात्र माझं कपाळ निरखत होते. "सुरकुत्या तर तशाच हायेत! फसवलं तुमाले."

*

त्याच आठवड्यात केशोरीला गेलो. पहिला ढेकर मामाजींच्याच पानावर द्यायचा, असं ठरवूनच. पण शेजारच्या काकांनी ओसरीवर बोलावून पाणी दिलं. नाही कसं म्हणणार? दोन घोट घेतले आणि आला! अख्ख्या गल्लीनं ऐकावा असा. काका खूश. वर बघतो तर मामाजी आपल्या दारात उभे, चेहरा पडलेला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते जवळ आले. माझ्या हातातल्या पेल्यात वाकून पाहिलं.

"निस्तं पाणीच होतं ना?"

"हो, मामाजी."

"मंग हा हिशोबात धरायचा नाई. चला, हात धुवा!"