धाकटीचे उपास आणि खुराड्यातल्या कोंबड्या

माझं माहेर बावडा, आणि मी तोंडानं फटकळ. सासरी, जळोचीत, कुणालाही विचारा. पण त्या गुरुवारी मी गप्प बसले असते, तर आमची धाकटी जाऊ वाळून काडी झाली असती.

लग्नाला बरीच वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांनी तिच्यामागं उपास लावले होते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. नुसत्या चहावर पोरगी टोमॅटोच्या रानात राबायची. पाळी लांबली की घरात आनंदीआनंद, मग रडारड. पुढं तर पाळी यायचीच बंद झाली. तपासलं, तर दिवस गेलेलेच नाहीत. आत्यांनी आणखी एक वार वाढवला. असा संताप यायचा मला!

त्याच सुमाराला कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलं. रोपं टोचतात म्हणून आम्ही त्यांना खुराड्यात कोंडून मूठभर दाण्यावर भागवत होतो. आत्या म्हणाल्या, नजर लागली. गाय बघायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनी कोंबड्याही बघितल्या.

"नजर नाही आजी, भूक आहे. पोट रिकामं राहिलं की कोंबडीच्या मेंदूतली हार्मोन्स सांगतात, आधी पोटाचं बघ, अंड्याचं नंतर. पोटभर मिळालं की तोच मेंदू पुन्हा अंड्याचा हुकूम सोडतो."

आत्या आमच्यावरच उखडल्या. "मुक्या जिवाला उपाशी ठिवून अंडी मागता व्हय गं? लाज कशी वाटत न्हाय तुमास्नी?"

धाकटी ओसरीवर कोरा चहा घेऊन बसली होती. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आत्या, मग हिलाबी दाणं टाका की! हीबी उपाशीच हाय."

डॉक्टरीणबाईंनी सावरलं. "मी जनावरांची डॉक्टर. पण उपाशी बाईचा मेंदूही असंच करू शकतो. हिला बारामतीला बायकांच्या डॉक्टरांकडं न्या. आणि आधी जेवू घाला."

आत्या तडक आत गेल्या. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. बाहेर आल्या त्या भाकरी, पिठलं आणि दुधाची वाटी घेऊन. धाकटीनं हात मागं घेतला.

"आत्या, आज गुरुवार हाय. देव कोपंल."

आत्यांनी भाकरी मोडून घास तिच्या तोंडात घातला. "देवाचं मी बघती. आजपासनं तुजं समदं उपास माजं. मला आता कुठं अंडी घालायचीत!"