पापलेटवर दूध

तळलेल्या पापलेटचा शेवटचा तुकडा मी तोंडात टाकला आणि हिराबायने पितळी पेला दुधाने काठोकाठ भरून माझ्यासमोर ठेवला. सातपाटीच्या किनाऱ्यावर जमलेल्या सगळ्या बायका पुढे सरकल्या. समुद्रसुद्धा ओहोटी अर्ध्यावर थांबवून बघत असावा, असं मला वाटलं.

“पी आता,” हिराबाय म्हणाली. “आन काय झालाच तर तुज्या बायकोला निरोप मी नेईन.”

मी प्यायलो.

इथवर पाळी का आली ते सांगतो. साठच्या दशकातली गोष्ट. जिल्हा परिषदा नव्याने झाल्या होत्या आणि मी पालघरच्या ब्लॉकमध्ये विस्तार अधिकारी होतो. विस्तार अधिकारी म्हणजे सरकारची योजना सायकलच्या कॅरिअरला बांधून गावोगाव पोचवणारा माणूस. ब्लॉकला जीप होती. पण तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालेलं, बडे पाहुणे बोईसर स्टेशनावर उतरायचे, त्यामुळे जीपचं तोंड कायम तिकडे. मी मूळचा सांगोल्याकडचा. पाणी विहिरीच्या तळाशी असतं, एवढीच माझी समजूत. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा ‘एवढं पाणी उघड्यावर का ठेवलंय?’ असं मी शिपायाला विचारलं, असं ऑफिसात सांगायचे. मी ते कधी नाकारलं नाही.

माझ्याकडे बालवाड्या होत्या. शाळेच्या वयाआधीची पोरं तिथे सांभाळायची, त्यांना गाणी, अक्षरं शिकवायची आणि रोज पेलाभर दूध द्यायचं. दूध म्हणजे परदेशातून पिंपं भरून आलेली भुकटी. कोमट पाण्यात कालवली की झालं, असं वर लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात गुठळ्या अशा व्हायच्या की एका गुठळीवर मी सायकलचं स्टँड टेकवलं होतं.

सातपाटीला बालवाडीची गरज होती. पुरुष होड्या घेऊन समुद्रावर, बायका झुंजुमुंजू होताच मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन पालघरच्या बाजाराला. मागे घरात रांगती-धावती पोरं. मोठी बहीण असली तर ती सांभाळणार, म्हणजे तिची शाळा बुडाली. बहीण नसली तर पोराच्या पायाला जाळ्याची दोरी आणि दोरी घराच्या खांबाला. बांधणारी आई मायेनेच बांधायची. आदल्या पावसाळ्यात एक पोर खाडीकडे गेलं होतं आणि भरतीने परत आणलं. त्याबद्दल गावात कोणी बोलत नसे. पण त्यानंतर गावातल्या सगळ्या दोऱ्या आखूड झाल्या होत्या.

बालवाडी चालवायची सुमन. सातवी पास झालेली, गावातलीच सून, चोख मुलगी. तिच्यापाशी पोरं यायची, गाणी म्हणायची, पण दुधाला तोंड लावायची नाहीत. सकाळी अकराला बालवाडी उघडायची, तोवर पोरं घरून बोंबलाचं कालवण आणि भाकरी खाऊन आलेली. आणि मासळीवर दूध घेतलं की अंगावर कोड फुटतं, ही तिथल्या प्रत्येक आईची खात्री. कोड म्हणजे कातडीवरचे पांढरे डाग. त्याने जीव जात नाही, पण त्या काळी डाग दिसला की मुलीचं ठरलेलं लग्न मोडायचं. म्हणून त्या भीतीला हसायची माझी हिंमत नव्हती.

दूध तयार व्हायचं आणि उरायचं. ते मांजरांना जायचं. सातपाटीची मांजरं त्या दिवसांत बोक्यांएवढी झाली आणि बोके वासरांएवढे. एकाला तर मी म्हैस समजून हॉर्न दिला, माझ्या सायकलला हॉर्न नव्हता तरी. मोठी पोरं कोरड्या भुकटीने हुतूतूच्या रेघा आखायची.

हे आमच्या बीडीओसाहेबांच्या कानावर गेलं. बीडीओ म्हणजे ब्लॉकचा मुख्य. मितभाषी माणूस, चष्मा पुसत बोलायचा.

“दूध उरतं याचा अर्थ काय?” त्यांनी विचारलं.

“गैरसमज आहे, सर. दूर करतो.”

“याचा अर्थ गावाला गरज नाही. पुनवेच्या सुमारास मी येतो. तेव्हाही उरत असेल तर बालवाडी उचलून कोळगावला देऊ. मागणी आहे तिकडे.”

“आणि सुमनबाई?”

“नोकरी बालवाडीची आहे. बालवाडी गेली की तीही गेली.”

मी सायकल काढली ती थेट हिराबायच्या दारात. वयाने साठीची, आवाजाने तोफ. बाजारात कोणी कुठे बसायचं ते ती ठरवणार, आणि गावातल्या बायका काय पाजणार तेही. शिवाय सुमन तिचीच सून.

“हिराबाय, निदान तुमचा नातू तरी पाठवा दुधाला. बाकीच्या बघून येतील.”

“सून सरकारची, नातू माजा,” ती म्हणाली. “तू कवा खाल्लीस मासळी दुधासंगं?”

“मी मासळीच खाल्लेली नाही अजून.”

ती एवढी हसली की किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील बांबूंच्या वलांडीवर डुलायला लागले. मग गंभीर झाली. “मंग खा. अवसेपासून पुनवेपर्यंत आमच्यात ऱ्हा. रोज मासळी, वर दूध. तुज्या अंगावर काय उठला नाय तर बघू.”

अशी ती पापलेटची सुरुवात. कागदोपत्री मी ‘जनजागृती शिबिरा’त होतो. मुक्काम बालवाडीच्या पडवीत, जेवण हिराबायकडे. पहिल्या दिवशी काटा कुठे आणि मासा कुठे हे कळत नव्हतं; सुमनने पानात काटे काढून दिले. चौथ्या दिवशी मी हिराबायच्या नातवाचे काढून देत होतो. रोज जेवण झालं की पेलाभर दूध, आणि मग जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्या माझ्या बाह्या वर सारून तपासणार. ढेकर असा यायचा की गलबतं वाट चुकतील. पण कातडी स्वच्छ. दोन-चार आयांनी पोरांना घोटभर पाजूनही पाहिलं. सुमनचा चेहरा उजळायला लागला.

पुनव जवळ आली तशी उकाडा वाढला. विहिरीवर वाकून मी तोंड धूत होतो, सदरा काढलेला, आणि मागून एक म्हातारी ओरडली, “अगो, मानंवर पांढरा.”

तासाभरात बालवाडीत एक पोर उरलं नाही. ज्यांनी घोटभर पाजलं होतं त्या आया पोरांना उताणी-पालथी करून उजेडात बघत होत्या. एकीने तर पोराची पाठ खसाखसा घासायला घेतली. सुमन रिकाम्या खोलीत पेले विसळत बसली. एकही उष्टा नव्हता.

“सायब, परवा मोठे साहेब येणार ना?” तिने विचारलं. मी होय म्हणालो. ती पेले विसळतच राहिली.

आता सातपाटीहून पालघरला बातमी कशी जाते ते ऐका. तार लागत नाही. ती पाटीत बसून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी पालघरच्या बाजारात माझी बायको भेंडी निवडत होती आणि पलीकडे मासळीवाल्या एकमेकींना सांगत होत्या की सरकारी साहेबाला कोड फुटलं. बायकोने भेंडी तिथेच टाकली आणि मिळाली ती एस.टी. धरली.

ती किनाऱ्यावर आली तेव्हा हिराबायसमोर माझी जवळजवळ पंचायतच भरली होती. बायको कोणाशी काही बोलली नाही. सरळ आली, माझी कॉलर मागे ओढली, मान पाहिली आणि वळली.

“हे होय? हे शिबं आहे,” ती म्हणाली. “घामाने उठतं. आमच्या लग्नाच्या आधीपासूनचं आहे. मला बघायला आले तेव्हा ऐन उन्हाळ्यात गळाबंद कोट घालून बसले होते. मांडवात कोट काढला तेव्हा कळलं मला.”

हेच मी आदल्या दिवसापासून सांगत होतो, पण आरोपीचं कोण ऐकतं? मग हिराबायने विचारलं, “आन तू काय केलास?”

“काय करणार? अक्षता पडल्या होत्या.”

त्या दिवशी किनाऱ्यावर जे हसू फुटलं त्याने दोन नांगरलेल्या होड्या सुटल्या असतील. उताणी-पालथी केलेली पोरं सरळ झाली. माझ्या अब्रूचं जे व्हायचं ते झालं, पण माझ्या बायकोचे उपकार मी आजवर फेडतो आहे, आणि ती ते फिटू देत नाही.

मला वाटलं, जिंकलो. “मग उद्यापासून पाजायचं ना दूध?”

“नाय,” हिराबाय म्हणाली. “तुजा पोट सरकारी हाय. कायपन पचल. माज्या नातवाला मी मासळीवर दूध देणार नाय.”

मी मटकन वाळूत बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पलीकडे बालवाडीच्या दारात उभ्या सुनेकडे.

“पन येक सांग. पोरां मासळी कवा खातात?”

“सकाळी. उठल्यावर,” मी म्हणालो.

“उठल्यावर नाय. बहिनीनं रांधल्यावर. आमी झुंजुमुंजू जातो तवा पोरांचा पोट रिकामा असतो. तवा पाज की दूध. मासळी दुपारी खातील. पन तवा तुजी बालवाडी झोपलेली असते.”

मी पंधरवडाभर त्याच पडवीत झोपत होतो. रोज पहाटे पाट्या डोक्यावर घेतलेल्या त्या बायका घरी दोऱ्या बांधून माझ्या उशाजवळून जाताना मी पाहिल्या होत्या. आणि अकरा वाजता, बहिणींची शाळा बुडून गेल्यावर, आम्ही कुलूप काढत होतो.

पुनवेला साहेब आले, जीपने. बोईसरचा पाहुणा आजारी होता. मी सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला.

“वेळ अकराची ठरलेली आहे. सर्क्युलर आहे.”

“सर, इथला बाजार आणि समुद्र अकराला उघडत नाहीत. त्यांना सर्क्युलर पोचलेलं दिसत नाही.”

साहेबांनी चष्मा बराच वेळ पुसला. मग सुमनला विचारलं, “पहाटे उघडाल?”

“मी तवा उठलेलीच असते, साहेब.”

“मग मी काही ऐकलं नाही,” साहेब म्हणाले. “उघडा. वर काय लिहायचं ते मी बघतो.” त्या माणसाने ते खरंच पाहिलं. फार थोडं बोलून फार मोठं काम करणारा तेवढा एक वरिष्ठ मला मिळाला.

दुसऱ्या पहाटे हिराबाय पाटी डोक्यावर आणि नातू कडेवर घेऊन आली. नातवाने पेला दोन्ही हातांनी धरला आणि रिकामा केला. तिने त्याचं तोंड पदराने पुसलं आणि मागे न बघता बाजाराला गेली. तिच्यामागून बाकीच्या आल्या.

पावसाळा संपल्यावर मी गेलो तेव्हा मांजरं पुन्हा मांजरांएवढी झाली होती. शाळेत तिसरीचे मास्तर तक्रार करत होते की एवढ्या मुली अचानक आल्या, बसायला चटया नाहीत. आणि हिराबायच्या घराच्या खांबाला दोरी नव्हती. त्या दोरीने तिने जाळं सांधलं होतं.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मासळी सुटली नाही. दूधही घेतो, पण पहाटे, रिकाम्या पोटी. दोन्ही एकत्र पचतात हे मी स्वतः सिद्ध केलं आहे; तरी हिराबायच्या शब्दाबाहेर जायची माझी तयारी नाही.