पांढऱ्या डब्यांची दोरी

सोमवार, १३ ऑक्टोबर. गावात जाऊन दाढ काढून आले. डॉक्टर तरुण आहे, हात हलका. परतायला दिवेलागण झाली. दोन तंबू भरले आहेत. मोठ्या झाडाखाली एक जोडपे, पाण्याकडच्या जागेवर वडील आणि मुलगी. मुलगी दहा-अकरा वर्षांची, शहाणी दिसते. रात्री फक्त गार दूध घेतले. सूनबाई काहीतरी सांगायला दोनदा दारात आली आणि दोनदा तशीच परत गेली.

एवढं लिहून ताईंनी पेनला टोपण लावलं आणि गालाखाली हात घेऊन त्या आडव्या झाल्या. सूनबाईला काय सांगायचं होतं, हे त्यांनी हाक मारून विचारलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण काढलेल्या दाढेची जागा ठणकत होती.

तळ्याकाठी तंबूंच्या जागा भाड्याने देणाऱ्या ताईंचा राग सगळ्या तळ्याला माहीत होता. दरवर्षी येणारे पाहुणे फाटकातून आत शिरताना सूनबाईला हळूच विचारत, "आज कसं आहे?" आणि सूनबाई आभाळाकडे न बघता स्वयंपाकघराकडे बघून सांगे, "सकाळी भडका होता. आता धुगधुगी आहे."

रागाला कारण नव्हतं असं नाही. माणसं शांतता हवी म्हणून इतक्या लांब येत आणि येताना गाण्याचा डबा घेऊन येत. ओल्या फांद्या तोडून शेकोटीत घालत आणि वर धूर होतो म्हणून तक्रार करत. खरकटी भांडी तळ्यात विसळत आणि सकाळी त्याच पाण्याने चूळ भरत. ताई काठी टेकत तंबूपर्यंत जात आणि आवाज न चढवता बोलत. तो न चढलेला आवाजच लोकांना झोंबे. "घरी मोरीत बसून जेवता का?" एवढंच त्यांनी एकदा एका बड्या साहेबाला विचारलं होतं. साहेब जाईपर्यंत आपलं ताट घेऊन मुकाट्याने हातपंपापर्यंत फेऱ्या मारत होता.

ही धार त्यांना कॉन्व्हेंटच्या शाळेत लागली. तिथल्या सिस्टर चिडलेल्या मुलीला भिंतीकडे तोंड करून उभं करत आणि मग दिवसभरात काय घडलं ते वहीत लिहायला लावत. काय वाटलं ते नाही, काय घडलं ते. ताई इतक्या वेळा भिंतीकडे उभ्या राहिल्या की रोज लिहायची सवय जडली, ती संसारात पडल्यावरही सुटली नाही. रागही सुटला नाही.

नवरा पाणी मोजणाऱ्या खात्यात होता. नोकरी संपल्यावर त्याने तळ्याकाठची ही जमिनीची पट्टी घेतली, स्वतःच्या हाताने दगड वेचून तंबूंच्या जागा सपाट केल्या, प्रत्येकीसमोर शेकोटीचं दगडी कडं रचलं, हातपंप बसवला आणि पत्र्याच्या छपराचं घर बांधलं. वीज मुद्दामच आणली नाही. माणूस इतका थंड की त्याच्या डोक्यावर बर्फ ठेवला तरी वितळला नसता. लोक म्हणत, या नवराबायकोला एकत्र केलं की अंघोळीचं बेताचं पाणी तयार होतं.

तिथला धबधबा तंबूंच्या जागेवरून ऐकू येई, पण दिसत नसे. मधे खडकाची एक सोंड पाण्यात उतरली होती. तिला वळसा घातला की एकदम समोर तो पांढरा पडदा. पहिल्याच वर्षी वरून एक ओंडका खाली आला आणि धबधब्याच्या पायथ्याशी कित्येक दिवस गरगरत राहिला. बुडेना आणि सुटेना. नवरा काठावर बसून त्याच्याकडे बघत राही. वरून पडलेलं पाणी तळातून बाहेर निघतं आणि वरचं पाणी उलट धबधब्याकडे ओढलं जातं, हे त्याने त्या ओंडक्यावरून ओळखलं. जो त्या ओढीत सापडेल तो ओंडक्यासारखाच फिरत राहील. मग त्याने ओढीच्या बऱ्याच अलीकडे दोन्ही काठांच्या खडकांत लोखंडी कड्या ठोकल्या, जाड दोरी या काठापासून त्या काठापर्यंत ताणली आणि तिला तेलाचे रिकामे पांढरे डबे बांधले. पाहुण्यांना एकच नियम: डब्याला हात लावायचा आणि माघारी फिरायचं. मुलांनी त्याचा खेळ केला. नवरा गेला, दोरी कितीदा बदलली, डबे बदलले, पण जागा हातभरही सरकली नाही.

घरातला एक नियमही त्याच्यापासूनच आला होता. एकदा पहाटे पाणी चढून खालच्या जागा बुडाल्या, ते त्याने ताईंना डोळे उघडताक्षणी सांगितलं. ताईंनी घर डोक्यावर घेतलं आणि दिवसभर पाण्याचा घोटही घेतला नाही. तेव्हापासून तो हसत म्हणे, "हिला आधी दोन कप चहा, मग बातमी." थट्टेचा नियम झाला. मुलगा त्यातच वाढला, आणि सूनबाई आली तेव्हा घरच्या किल्ल्यांबरोबर हाही नियम तिच्या कमरेला लागला.

मुलगा वाईट नव्हता. जो समोर असेल त्याला बरं वाटावं, असं वागणारा होता. यंदा जागा रिकाम्या राहत होत्या, म्हणून त्याने जाहिरातीसाठी एका फोटोवाल्याला बोलावलं. ताई दाढेसाठी गावात गेल्या त्या दिवशी हा फोटोवाला धबधब्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "जागा झकास आहे हो, पण हा कचरा कोणी बांधलाय?"

"कचरा नाही तो," मुलगा म्हणाला. पण असा म्हणाला की ऐकणाऱ्याला कचराच वाटावा. संध्याकाळी त्याने दोरीचं एक टोक कडीतून सोडलं, दोरी डब्यांसकट काठावर ओढली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "सकाळी ऊन आलं की चार फोटो, मग लगेच बांधतो. तेवढं आईच्या कानावर घाल."

"मी?"

"तुझं ऐकते ती."

"माझं ऐकतात? कधीपासून?"

शेवटी सूनबाईच तयार झाली. पण ताई गाल सुजवून आलेल्या. उद्या सांगू, चहा झाल्यावर, असं तिने ठरवलं.

मंगळवारी पाण्यावर धुकं होतं. चहाआधी तंबूंकडे एक फेरी मारून शेकोट्या विझल्यात का हे बघायचं, ही ताईंची रोजची पद्धत. पाण्याकडच्या तंबूतले गृहस्थ खांद्यावर टॉवेल टाकून उभे होते. मुलगी गुडघाभर पाण्यात उतरलीसुद्धा होती.

"आजी, कुठपर्यंत पोहलं तर चालतं?" गृहस्थांनी विचारलं.

"या खडकाला वळसा घाला. पांढरे डबे दिसतील, दोरीला बांधलेले. डब्याला हात लावायचा आणि परत. पलीकडे राजा असलात तरी नाही."

"आणि डबे नाही दिसले तर?" मुलगी म्हणाली.

"न दिसायला काय झालं? आंधळ्यालाही दिसतात."

मुलगी हसली. ताई घरी आल्या.

सूनबाईने चहा दिला. ताई दुखऱ्या बाजूला लागू नये म्हणून मान कलती करून घोट घोट पीत होत्या. सूनबाई पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती.

"काय झालंय?"

"काही नाही. घ्या ना आधी."

"कालपासून तोंड उघडतेस आणि मिटतेस. सांग."

"गार होईल आई. हा दुसरा घ्या."

ताईंनी दुसरा कप संपवला. सूनबाईने रिकामा कप उचलून घेतला, आणि मगच बोलली. "काल तुम्ही गावात होतात ना, तेव्हा यांनी धबधब्याची दोरी सोडली. फोटोपुरती. आज लगेच बांधणार आहेत."

ताई ओरडल्या नाहीत. त्या उठल्या आणि काठी न घेता धक्क्याकडे निघाल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "होडी सोड. ते दोघं पाण्यात आहेत."

सूनबाईने वल्ही मारली. खडकाला वळसा घातला तेव्हा धुकं विरलं होतं आणि पुढे काठावर मुलगा आणि फोटोवाला दिसले. फोटोवाल्याचा डोळा कॅमेऱ्याला होता आणि एक हात वर होता. "मस्त," तो ओरडून सांगत होता, "तसंच, तसंच." पाण्यात मुलगी आजवर कोणी गेलं नव्हतं इतकी पुढे होती आणि मान इकडेतिकडे वळवून काहीतरी शोधत होती. वडिलांना कळून चुकलं होतं. त्यांनी मुलीचा दंड धरला होता आणि ते जिवाच्या आकांताने पाय मारत होते, पण जागचे हलत नव्हते. हलत होते ते मागे.

"इथेच थांबव," ताई म्हणाल्या. दोन्ही काठांच्या कड्या एका रेषेत आल्या होत्या. "याच्या पुढे होडी नेलीस तर आपणही जाऊ."

होडी बांधायच्या दोरीला पाणी उपसायचा डबा अडकवून त्यांनी फेकला. तो तोकडा पडला. दोरी ओढून घेऊन पुन्हा फेकला. गृहस्थांच्या हाताला दोरी लागली. "मागे," ताई म्हणाल्या, आणि सूनबाईने दातओठ खाऊन वल्ही मागे मारली. होडी आधी जागच्या जागी थरथरली, मग इंच इंच मागे आली.

काठावर मुलगी पाणी ओकली आणि मग रडली. गृहस्थ तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. 

"आजी," ते म्हणाले, "आम्ही डबे शोधत होतो. तुम्ही म्हणालात हात लावून परत या. हिला वाटलं अजून पुढे असतील."

तोवर मुलगा काठाकाठाने धावत आला, मागोमाग फोटोवाला. "साहेब, माफ करा, जरा गैरसमज झाला..."

"गैरसमज नाही झाला," ताई म्हणाल्या. "दोरी कोणी सोडली ते यांना सांग."

"आई, आत जाऊन बोलू."

"इथेच. ज्यांना बुडवत होतास त्यांच्यासमोर."

"मी तुला सांगणारच होतो."

"कधी? गळ टाकून यांना वर काढल्यावर?"

मुलाचा चेहरा उतरला आणि मग एकदम तापला. आईचा राग त्याच्यात कुठेतरी होताच. "तू चिडतेस आई. तुला काही सांगायचं म्हटलं की घरातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणून कोणी सांगत नाही. आज झालं ते त्यामुळे झालं."

सूनबाईने खाली बघितलं. यात थोडं खरं होतं आणि ते खरं ताईंना नेमकं लागलं.

"चिडते," त्या म्हणाल्या. "जन्मभर चिडत आले. काल सांगितलं असतंस तर मी थयथयाट केला असता, दोन कप फोडले असते, चार दिवस तुझ्याशी बोलले नसते. एवढंच झालं असतं. माझ्या रागाने आजवर कोणाच्या नाकातोंडात पाणी गेलं नाही. तुझ्या गोडपणाने गेलं. याला बरं वाटावं म्हणून दोरी सोडलीस, मला वाईट वाटू नये म्हणून तोंड मिटलंस. माझा राग पुढे करून लपू नकोस."

"ताई, खरं म्हणजे चूक माझी..." फोटोवाला पुढे झाला.

"तुम्ही मधे बोलू नका. माणसं बुडत होती आणि तुम्ही मस्त म्हणत होतात."

मुलगा ओल्या दगडांवरून पुढे आला. मग गृहस्थांसमोर खाली बसला. "दोरी मी सोडली. फोटोत वाईट दिसते म्हणून. आईला माहीत नव्हतं. तुम्हाला पाण्यात बघितलं तेव्हा वाटलं, आईला एव्हाना कळलं असेल आणि दोरी नाही हे तिने तुम्हाला सांगितलं असेल."

"तुम्ही बघत होतात?" गृहस्थ म्हणाले.

"हो."

गृहस्थ उठले. त्यांनी मुलीला टॉवेलात गुंडाळलं, तंबू उतरवला, सामान गाडीत टाकलं. फाटकाशी थांबून म्हणाले, "मी हे सगळ्यांना सांगणार आहे."

"सांगा," ताई म्हणाल्या. "सांगायलाच हवं."

फोटोवाल्याची पाठवणी झाली. दुपारी दोरी पुन्हा बांधली. ताई होडीत बसल्या आणि मुलगा पाण्यात उतरला. प्रत्येक गाठ ताई स्वतः ओढून बघत होत्या. दोन गाठी त्यांनी सोडायला लावल्या आणि त्याने पुन्हा मारल्या. राग ओसरायचं नाव घेत नव्हता. मुलावर होता, सुनेवर होता, "आंधळ्यालाही दिसतात" म्हणणाऱ्या स्वतःच्या जिभेवर होता. आणि पलीकडच्या कडीला हात लागला तेव्हा तो गेलेल्या माणसावरही उलटला. सगळ्या घराला हसत हसत सवय लावून गेलात, त्या मनात म्हणाल्या. मला सांभाळून घ्यायची. मी काय उतू जाणारं दूध होते?

संध्याकाळी सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात आली. डोळे सुजलेले होते. "आई, मी रात्रीच सांगायला हवं होतं."

"हवं होतं."

सूनबाई उभीच राहिली. जाऊ दे म्हणतील असं तिला वाटलं असावं. ताई तसं म्हणाल्या नाहीत.

"होडी मागे नेलीस ती शाबास," त्या म्हणाल्या. "सांगितलं नाहीस ते चूक. एकाने दुसरं फिटत नाही." मग मुलालाही हाक मारून त्यांनी दोघांना समोर उभं केलं. "उद्यापासून मला काही सांगायचं असेल तर मी चूळ भरत असले तरी सांगायचं. मी ओरडेन. ओरडू द्यायचं."

"आणि जेवली नाहीस तर?" मुलाने विचारलं.

"उपाशी राहीन. उपासाने मी मरत नाही."

"बरं," मुलगा म्हणाला. मान वर न करता तो पुढे म्हणाला, "मग आत्ताच सांगतो. झाडाखालचं जोडपंही उद्या सकाळी जातंय. त्यांनी सगळं ऐकलं."

ताई ओरडल्या. बराच वेळ ओरडल्या. जागेचं नाव घालवलंस, बापाचे कष्ट पाण्यात घातलेस, असलं सगळं म्हणाल्या. मुलगा आणि सूनबाई जागचे हलले नाहीत. ओरडून झाल्यावर त्यांनी कंदील पुढे ओढला, चष्मा लावला आणि वही उघडली. दिवसभरात काय घडलं ते ओळीने उतरवलं, कोणी काय म्हणालं ते ज्याच्या त्याच्या शब्दांत. सर्वांत खाली लिहिलं:

मागच्या खोलीतल्या उशांना ऊन दिले. दोन अभ्रे फाटलेत, शिवायला काढून ठेवले.