नाकानं तपासलेली बाई

"पिऊन आली आहे ही. बाहेर बसवा. उतरली की आणा."

डॉक्टर एवढंच बोलला. माझ्या बहिणीले, सुनिताले, हातही नाही लावला. नुसता नाकाले रुमाल लावला.

मोहफुलाचे दिवस होते. आम्ही दोघी सालेकशाच्या जंगलात फुलं वेचून राहिलो होतो. दारू याच फुलाची निघते, फुलं ओटीत घेतली का लुगड्याले वास लागतोच. तिथंच सुनिता हातपाय धरून खाली बसली. तिले सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. दुखणं उठलं का कोणी हाडं फोडून राहिलं असं वाटे तिले. तशीच शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मधात बसवून सरकारी दवाखान्यात आणली.

"साहेब, थेंब नाही घेतला तिनं. फुलाचा वास आहे हा. सिकलसेल आहे तिले."

"तुम्ही लोक सगळे असंच सांगता."

तुम्ही लोक! नर्स हसली. रांगेतल्या बाया पदर सावरून दूर सरकल्या. शरमेनं मी अर्धी झाली. व्हरांड्यात सुनिता तळमळे, "ताई, पाणी दे" म्हणे. मग गप झाली. नर्स म्हणे, "झोपली, बरं झालं."

झोपली नव्हती ती.

दिवाळीनंतर तोच डॉक्टर गावात आला. शाळेत शिबिर. माईक, सतरंजी, हार. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! म्हणे, "सार्वजनिक आरोग्य म्हणजे सर्वांचं आरोग्य. पण तुम्ही लोक वेळेवर दवाखान्यात येतच नाही."

सरपंचानं टाळ्या वाजवल्या. मी उठली.

"आम्ही आलो होतो साहेब. वेळेवर आलो होतो. माझी बहीण तुमच्या व्हरांड्यात मेली. काऊन नाही पाहिलं तिले?"

"नंतर बोलू," म्हणे. सरपंच मले खाली बस म्हणून खुणावे. नाही बसली.

काही बदललं नाही. आता मोहाच्या दिवसात बाया आधी आंघोळ करतात, धुतलेलं लुगडं नेसतात, मग दवाखान्यात जातात. दुखणाईत माणूस तोवर घरी कण्हत राहते. पाहून चीड येते मले. पैसेवाला गोंदियाले खाजगीत जाते. मग सरकारी दवाखाना कायले आहे? ज्याले दुसरं दार नाही, त्याच्यासाठीच ना?

बहीण वापस येत नाही. तो डॉक्टर सुधरेल असंही मले वाटत नाही. पण आता गावातलं कोणीही आजारी पडलं का मी संगं जाते. डॉक्टरच्या टेबलासमोर उभी राहते. अंगाले हात लावून तपासत नाही तोवर हलणार नाही. पोलीस बोलवायचे तर बोलवा.