खणात बांधलेले नरक्याचे कोंब

मी चौथीपर्यंत शिकलोय. लिहिताना चुकलो तर चुकलो, पण खोटं लिहीत नाही.

बायको गेल्यावर लोक म्हणाले, घरात बस, देवाचं नाव घे. मी बसलो नाही. गाव उंब्रजच्या वर डोंगराकडं. तिथनं रोज एसटीनं कराडला जाऊन एका लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागलो. लॅबमध्ये रोपं करून लावतात ती टिश्यूची केळी सगळ्यांना ठाऊक आहेत. हे काम त्यातलंच, पण इथं रोप नको असतं. झाडाचा नखाएवढा तुकडा बाटलीत थलथलीत खाद्यावर ठेवतात, त्याचा गोळा वाढतो आणि गोळ्यातून औषधाचा अर्क काढतात.

एकदा मॅडमना विचारलं, हे कसलं झाड? म्हणाल्या, नरक्या. ह्यापासनं कॅन्सरचं औषध होतं. मी दुसऱ्या दिवशी बायकोचे सांगलीच्या दवाखान्यातले कागद नेऊन दाखवले. तिला सलाईनमधनं चढवत होते ते औषध ह्याच झाडाचं.

तरणेपणी व्यापाऱ्याच्या टेंपोसाठी आम्हीच नरक्या तोडला. डोंगर बोडका केला. आमच्या न्हाणीमागचा एकच राहिला, कारण बायकोनं माझा कोयता धरला. "सावलीत धुणं धुते मी. ह्याला हात लावलास तर बघ," म्हणाली होती.

आता तिथंच लेकाचं नवं घर येणार होतं. झाड बरोबर सैपाकघराच्या पायाच्या जागेत. सोमवारी जेसीबी सांगितलेला. मी मॅडमना म्हणालो, ह्याला बाटलीत घ्या. त्या म्हणाल्या, कवळे कोंब आणा. मग लेकाला शब्द दिला, बाटलीत गेलं की तोड.

कोंब काढले आणि मला राहवेना. घरातलं माणूस परगावी जातंय, रिकामं कसं धाडायचं? बायकोच्या ट्रंकेतला खण काढला. भिजवलेले तांदूळ, हळद-कुंकू घालून ओटी भरली आणि कोंब त्यातच बांधले. बहीण दारातनं बघत होती.

"आरं, रंडक्या बाप्यानं ओटी भरत्यात व्हय?"

"जिनं भरायची ती गेली. तू भरतीस का?"

ती घरात गेली.

सकाळी कोंब लॅबमध्ये नेले, मॅडमनी बाटल्यांत ठेवले. चौथ्या दिवशी सगळ्या बाटल्यांत पांढरी बुरशी. मॅडमनी विचारलं, "काका, कोंब कशात आणले होते?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. ओले तांदूळ रात्रभर खणात आंबले होते, म्हणाल्या, "एवढी घाण आमच्या औषधांनी धुऊनसुद्धा निघाली नाही." नवे कोंब फुटायला महिना लागणार होता. आणि सोमवार परवावर.

सोमवारी मी झाडाखाली धुण्याच्या दगडावर जाऊन बसलो. जेसीबीवाला मशीन बंद करून तंबाखू मळायला लागला.

"आबा, उठा. लोक बघत्यात," लेक म्हणाला.

"बघू दे."

"आवं, एका झाडापायी घर आडवणार?"

"तुझ्या आईच्या हातात सुई धड घुसत न्हवती तवा ह्याच झाडाचं पाणी आत गेलं. घर सरकव."

"त्यानं आई वाचली का?"

मी उठलो नाही. बसूनच म्हणालो, "न्हाई वाचली. चार महिनं जास्त बोलली माझ्यासंगं. तुला त्याचं काय मोल?"

तो वळला. मग जेसीबीवाल्याला म्हणाला, "चल गड्या, आधी फुडची बाजू घे." सून हसली. म्हणाली, "सैपाकघर बारकं झालं तरी चालंल, पण सासऱ्याचं दगडावरचं उपोषण नको."

महिन्यानं कोंब फुटले. ह्या वेळी हात धुऊन, मॅडमनी दिलेल्या पिशवीत नेले. तीन बाटल्या स्वच्छ निघाल्या. त्यात पिवळट, मऊ गोळा धरला. त्यात अर्क आहे, पण झाडापेक्षा कमी, असं मॅडम म्हणतात. कमी तर कमी. कुणाच्या तरी घरातलं माणूस चार महिने जास्त बोलेल, आणि त्यासाठी कुणी डोंगरावर कोयता घेऊन जाणार नाही.

लेकानं विचारलं, "आता बाटलीत गेलं ना? दिलेला शब्द आठवतोय का? तोडू?"

"आठवतोय," मी म्हणालो. "मोडला म्हण. बाटलीत गोळा हाय, सावली न्हाई. न्हाई तोडायचं."