कळै ठेवा, असं सार म्हणाले

खुर्ची जरा पुढे ओढ सुमे, आणि नीट ऐक. कुंडीत आपोआप उगवलेलं सगळं तू तण म्हणून उपटून टाकलंस म्हणे. मावशी इतकी वर्षं चेन्नईत ऑफिसांच्या बागा सांभाळते, तिला एक फोन करावासा वाटला नाही? असो. तुला आमच्या निखिलसाहेबांची गोष्ट सांगते, म्हणजे कळेल.

अड्यारच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची बाग माझ्याकडे होती. निखिल तिथला अ‍ॅडमिन मॅनेजर. नाशिकचा, नुकताच बदलून आलेला. मला काकू म्हणायचा, पण कामात पक्का साहेब. दिवाळीनंतरच्या पावसात एका सकाळी त्याने मला बोलावलं. दुपारी सिंगापूरहून मोठे साहेब येणार होते आणि लॉनमध्ये गवतापेक्षा इतर मंडळीच जास्त होती. नागरमोथा वीतभर वाढलेला, मधोमध विष्णुक्रांतेची निळी फुलं अंथरलेली.

तिथे रोज काम करायची सेल्वी. माझ्याकडची सगळ्यात जुनी बाई, घर तिच्या एकटीच्या पगारावर. ती खुरपं हातात धरून उभी होती.

निखिल म्हणाला, "काकू, उद्यापासून ही मला गेटच्या आत नको. आठवडाभर हिने एक तण उपटलेलं नाही. उलट पाणी घातलं."

सेल्वी तमिळमध्ये मला म्हणाली, "अम्मा, मी दोनदा विचारलं. सारच, म्हणजे हे साहेबच, म्हणाले, कळै ठेव."

मी ते निखिलला मराठीत सांगितलं, कळै म्हणजे तण हेही. तो बिचारा गोंधळला. "मी कशाला सांगेन तण ठेव म्हणून? ती विचारत होती, कळै काढू का. मी म्हटलं, वेणुम, पाहिजे. बागेला कळा नको का, काकू?"

मला हसू आवरेना. त्याचं काय झालं, ऑफिसच्या कॅंटीनमधल्या बाईने एकदा त्याला सांगितलं होतं, आज तोंडावर कळै आहे हं. तमिळमध्ये तोंडावरच्या तेजाला कळै म्हणतात. आपली कळाच ती, असं वाटून गडी खूश झाला आणि शब्द खिशात टाकला. आता तमिळमध्ये तणालाही कळैच म्हणतात, हे त्याला कोण सांगणार? सेल्वीला वाटलं, मोठ्या कंपन्यांची काहीतरी फॅशन असेल. तिने इमानाने तण वाढवलं.

मी दोघांना दोन्ही अर्थ सांगितले. सेल्वीने पदरात तोंड लपवलं. निखिलचे कान लाल झाले. मग हळूच म्हणाला, "ते ठीक आहे. पण लॉन अशी दिसली तर कोणाला तरी कामावरून काढावंच लागेल. आता सगळं उपटता येईल?"

येईल, पण उपटायचं नाही. नागरमोथ्याच्या गाठी जमिनीत खोल असतात. घाईने ओढला की पात हातात येते, गाठ खालीच राहते आणि लॉनला भोकं पडतात. तण परवडलं, पण भोकं लांबून दिसतात. म्हणून मी आधी गवत कापायची मशिन फिरवायला लावली. एकसारखं कापलं की सगळं हिरवं एका जातीचं दिसतं. विष्णुक्रांतेला मात्र हात लावू दिला नाही. तिच्याभोवती सेल्वीकडून फावड्याने गोल काठ मारून घेतला. याला आम्ही एजिंग म्हणतो. मातीची स्वच्छ रेघ उमटली आणि तण होतं तिथे वाफा झाला.

निखिल बघतच राहिला. "काकू, झाड तर तेच आहे."

"तेच आहे. तण अशी काही जात नसते रे. तुम्हाला जिथे नको तिथे जे उगवतं, ते तण. आता तुम्हाला हवंय ना?"

"हवंय," तो म्हणाला. सेल्वीकडे वळून तमिळमध्ये काही बोलायला गेला, आणि शहाण्यासारखा थांबला. मग मलाच म्हणाला, "तिला सांगा, उद्या नेहमीच्या वेळेला ये."

सिंगापूरचे साहेब गाडीतून उतरले ते कानाला फोन लावून सरळ एसीत शिरले. बागेकडे मान वळवली नाही. जाताना फिल्टर कॉफीचं तेवढं कौतुक करून गेले.

महिन्याभराने निखिलचा फोन. निळ्या वाफ्यात तण शिरलंय, लवकर या. जाऊन बघते तर लॉनचं कोरियन गवत! सेल्वीने सवयीने विचारलं, कळै काढू का? या वेळी साहेबांनी आधी तिला बोट ठेवून दाखवायला लावलं, मगच हो म्हटलं.

तर उपटायच्या आधी बोट ठेवून विचारावं. झाड असो की माणूस. एवढंच शिकले मी या धंद्यात, बाकी सगळी अंगमेहनत.

आता पोंगलला सुट्टी काढ आणि ये बघू. एग्मोर स्टेशनला उतरलीस की फोन कर, मी रिक्षा घेऊन येते. फार दिवस लावू नकोस गं.