पायात काय हाय?

कुणीही समोर आलं की आत्या आधी तोंडाकडं बघायची नाही, पायांकडं बघायची. "पायात काय हाय?" हाच तिचा रामराम. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय ती कुणाला वाट सांगत नसे. आमच्या गावाभोवती माळ, टेकड्या आणि त्यांच्यावरून गेलेल्या पायवाटा आहेत. कुठली वाट धरू असं विचारलं की ती चपलेवरून ठरवायची. "स्लीपर हाय? मंग वढ्याच्या कडंनं जा. अनवाणी? मंग धारंवरनं, टेकडीच्या माथ्यानं जा, तिकडं काटा न्हाई." तुम्ही तिच्यापुढं उभे राहिला असतात तर तुम्हीही खाली मान घालून आपलेच पाय बघितले असते. भल्याभल्यांना मी तसं बघताना पाहिलंय.

मी तिच्याकडं पहिल्यांदा पायवाटेच्या कामासाठी गेले तेव्हा माझ्या पायात पाटोद्याच्या बाजारातून आणलेले जाड तळाचे नवे बूट होते आणि हातात पत्रकांचा गठ्ठा. मथळा माझाच होता : 'पायवाट कुणाच्या बापाची नाही'. आत्यानं वाकून बूट अंगठ्यानं दाबून बघितले, गादी दाबावी तसे.

"लई मऊ हायत. वाट काय म्हणती ते तुला कळायचंच न्हाई यातून."

तेवढ्यात तिच्या एका शेळीनं माझ्या हातातलं पत्रक ओढलं आणि खाल्लं.

"हिनं वाचलं बग सगळं," आत्या म्हणाली. "आता बाकीच्यांना सांगंल."

ती लहान लेकीला घेऊन माहेरी आली ती इथंच राहिलेली, म्हणून सगळ्या गावाची आत्या. तिच्याकडं वीसेक शेळ्या होत्या आणि त्यांच्यावरच तिचं पोट. आता भूगोल नीट ऐका, कारण भांडण त्याच्यावरच आहे. आत्याची वस्ती खिंडीच्या अलीकडं आणि तळं पलीकडं. उन्हाळ्यात अलीकडं शेळीचं तोंड ओलं होईल एवढंही पाणी नसतं. म्हणजे खिंडीतली पायवाट आहे तोवर शेळ्या आहेत, आणि शेळ्या आहेत तोवर आत्या स्वतःच्या घरात आहे. गेल्या वर्षी बाहेरच्या एका माणसानं ती टेकडी विकत घेतली. खिंडीत खांब पुरले आणि तारेचा एक पदर ओढला. माणसं वाकून जात, शेळ्या खालून जात. बाकीचे पदर पुढं ओढायचे होते.

वाट मोकळी ठेवा असा अर्ज मी आणि आत्यानं तहसील कचेरीत दिला. कचेरीतून उत्तर आलं, नकाशावर वाट नाही. जागेवर येऊन पाहू, वाट वापरात दिसली तर विचार करू. वाचून माझं डोकं फिरलं. माणसं नकाशाच्या आधीपासून चालतायत. नकाशा काढणारासुद्धा चालतच आला असेल ना त्या खिंडीपर्यंत? मी हेच पत्रकात छापलं आणि वर एक शक्कल काढली. बीडच्या हौसेनं डोंगर चालणाऱ्या मंडळींना पाहणीच्या दिवशी आणायचं. गर्दी दिसली की वाट वापरात असल्याचं आपोआप दिसेल. त्यांना वाट सापडावी म्हणून मी एका सकाळी चुन्याची बादली घेतली आणि वस्तीपासून तळ्यापर्यंत दगडांवर पांढरे बाण काढत गेले. आत्या त्या दिवशी बाजाराला गेलती. मला वाटलं, आल्यावर खूश होईल.

आठवड्यानं खिंडीत गेले तर वाटेवर कुणी नाही. वस्तीवरच्या बायका सरपणाला लांबच्या वळणानं जात होत्या. ताज्या लेंड्याही नव्हत्या. तारवाल्याचा माणूस खांबाला टेकून मोबाइलवर फोटो काढत होता. "बघा ताई, कुणी येतं का इथनं? उगं कागदं वाटता."

मी तरातरा आत्याच्या घरी गेले. तीच माझ्यावर भडकलेली.

"चुना तू मारलास?"

"हो. खूण म्हणून."

"आगं पोरी, चुना म्हंजे मोजणी. आमी जन्मापास्नं हेच बगितलं. आधी चुना पडतो, मंग खुंटी, मंग तार, मंग साहेब म्हणतो इकडं पाय ठेवू नका. वस्तीला वाटलं जमीन गेली. कोण कशापायी चालंल तिथनं?"

एवढी पत्रकं छापली, पण वस्तीवरच्या एका माणसाला विचारायचं सुचलं नव्हतं. जे तारवाल्याला इतक्या महिन्यांत जमलं नव्हतं ते मी एका बादलीत करून दाखवलं. आणि पाहणीला पाच दिवस उरलेले.

आत्यानं शिव्या दिल्या नाहीत. तिनं विचारलं, "पायात काय हाय?"

"बूट."

"काडून ठिव. घासायचं हाय."

आम्ही दोन दिवस बाण घासले. गवताचा बोळा, बाटलीतलं पाणी, आणि प्रत्येक दगडाशी उकिडवं बसणं. तिचे गुडघे वाजायचे, तरी माझ्या आधी पुढच्या दगडाशी तीच असायची. संध्याकाळी ती घरोघर जाऊन सांगायची, "चुना सरकारचा न्हाई, आपल्याच येडीनं मारलता." ती येडी मी दारात उभी. सगळ्या वस्तीनं मला बघून घेतलं. हसले, आणि दुसऱ्या सकाळी वाटेला लागले.

घासत घासत खिंडीत पोचलो तेव्हा मी तो ढीग पहिल्यांदा नीट बघितला. बारक्या-मोठ्या दगडांचा, छातीएवढा. शेंदूर नाही, देव नाही. जो खिंड ओलांडतो तो खालून एक दगड आणतो आणि त्याच्यावर ठेवतो. मी लहानपणापासून ठेवत आले होते, पण का ठेवायचा ते कधी विचारलं नव्हतं.

"आपून आलतो, एवढंच सांगायचं असतं," आत्या म्हणाली. "मागनं येणाऱ्याला बरं वाटतं."

पाहणीला साहेब गाडीनं टेकडीखाली आले आणि तिथूनच वर बघायला लागले. आत्या पुढं झाली. "साहेब, पायात काय हाय?" साहेबांनी सगळ्यांसारखी खाली मान घातली. काळे चकचकीत बूट. "चालंल. धारंनं या, वढ्यात चिखल हाय." ते आले. त्यांच्या मागं पुढं वस्ती, शेळ्या, आणि बीडची पाच-सहा मंडळी. खिंडीत त्यांनी दम घेतला आणि विचारलं, "वाट जुनी आहे याचा काही कागद?"

मी पिशवीत हात घातला. आत्यानं माझं मनगट धरलं. ढिगाकडं बोट केलं.

"मी परकर घालायची तवा हा गुडघ्याएवढा होता."

वस्तीवरची माणसं एकेक करून आपापला दगड ठेवून तारेखालून वाकून पुढं गेली. साहेब बघत राहिले. मग कागदावर लिहिलं : 'पायवाट वापरात असल्याचे दिसते.' चार शब्द. माझ्या पत्रकात चारशे होते.

पुढं तारीख पडली, आणखी पडली. शेवटी खिंडीतली तार निघाली आणि दोन शेळ्या बरोबरीनं जातील एवढी जागा मोकळी राहिली. कुणी म्हणेल एवढ्याचसाठी एवढं? हो, एवढ्याचसाठी. बाकीच्या टेकड्यांवर अजून तार आहे, आणि तिथलंही भांडण सोडलेलं नाही. फक्त आता आधी वस्तीवर विचारून घेते.

या उन्हाळ्यात आत्याच्या गुडघ्यांनी हात टेकले. तिनं शेळ्या भाच्याच्या हवाली केल्या आणि ती आष्टीला लेकीकडं गेली. जायच्या आधी एकदा खिंडीत यायचंच म्हणाली. ढीग आता वाकलेल्या आत्याच्या डोक्याएवढा, माथ्यापर्यंत तिचा हात पुरेना. मी म्हणाले, "दे, मी ठेवते." तिनं हात मागं घेतला. "दुसऱ्याच्या हातानं आपून आल्याचं कसं कळंल?" तिनं दगड वर फेकला. तो गडगडत खाली आला. तिसऱ्या खेपेला बसला.

परवा तिचा फोन आला.

"ढीग केवढा झाला?"

"माझ्या खांद्याच्या वर गेला."

"मंग लोक चालत्यात. पत्रकं कमी छाप आता."

"आत्या, तुझ्या नावाचा एक दगड ठेवू का?"

"न्हाई. दिवाळीला मीच येते," ती म्हणाली. मग फोन तसाच धरून लेकीला विचारलेलं मला ऐकू आलं, "आगं, माज्या त्या जुन्या वहाणा कुटं ठिवल्यास?"